वजनाला नव्हे, ओळखीला दाम द्या

भाद्रपदात गौरी बसतात तेव्हा शहापूर-मुरबाडकडच्या घरांत तेरड्याच्या जोडीला कळलावीची फुलं लागतात. तळाशी पिवळी, टोकाला लालभडक, मुरडलेल्या पाकळ्यांची ही फुलं आमच्याकडे ‘गौरीचे हात’ म्हणूनच ओळखली जातात. पोरं सकाळीच माळावर जाऊन करवंदीच्या जाळीतून, वईवरून ती तोडून आणतात. त्यांना निघतानाच घरातली म्हातारी बजावते: वेल उपटायची नाही, कंदाला हात लावायचा नाही, आल्याबरोबर हात धुवायचे. नांगराच्या फाळासारखा वाकलेला तो कंद पोटात गेला तर माणूस हाती लागेलच असं नाही, हे पाड्यावरच्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही ठाऊक असतं.

कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. पेलेतिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या कंदातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पेशी दुभंगायला लागते तेव्हा तिच्या आत सूक्ष्म नलिकांची एक चौकट उभी राहते. कोल्चिसीन ही चौकट उभीच राहू देत नाही. म्हणून जिथे पेशी भराभर वाढतात तिथे त्याचा घाला आधी बसतो. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग अस्थिमज्जा ढेपाळते, आणि त्यातून जो जगतो त्याचे आठ-पंधरा दिवसांनी केस गळून पडतात. सर्रास हाताशी असेल असा उतारा यावर नाही. आणि हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून गाऊटने सुजलेल्या अंगठ्याची आग शमवतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५,५२२ हृदयरुग्णांवरच्या एका चाचणीत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने पुढच्या झटक्यांचा आणि तशा घटनांचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकारासाठीही या गोळीला मान्यता दिली. (हार्ट अटॅक आल्याआल्या ती सुरू करून पाहिलेल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.) कंबर धरली की डॉक्टर जी थायोकोल्चिकोसाइडची गोळी लिहून देतात, तिचं मूळही कळलावीच्या बीतच आहे.

मी मुरबाड तालुक्यात माळशेजच्या रस्त्यावर आयुर्वेदाचा दवाखाना चालवते. माझ्या शास्त्रात लांगली म्हणजे ही कळलावी, धोतरा, गुंज, कण्हेर, जमालगोटा, कुचला, बिब्बा ही सगळी विषारी म्हणूनच नोंदलेली आहेत. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्येही त्यांची नावं आहेत, आणि ती ज्या पोटात घ्यायच्या औषधात असतील त्याच्या डबीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापावंच लागतं. तेव्हा झाडपाल्याचं आहे म्हणजे बाधणार नाही, हे जे शहरात सहज बोललं जातं, ते ना माझं शास्त्र म्हणतं, ना इथलं रान. रानातल्या माणसाने असं कधीच म्हटलं नाही. त्याने काय खायचं, कधी खायचं, कशाबरोबर खायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या जपलं. माझं म्हणणं या जपण्याच्या किमतीबद्दल आहे. शहापूर-मुरबाडच्या जंगलातून औषधी माल टेम्पो भरभरून जातो तो किलोवर. ओळखीचे, पारखीचे पैसे कुणी देत नाही.

जूनचा पहिला पाऊस पडला की आसनगाव, खर्डीहून पहाटेची लोकल पकडून ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन कल्याण-ठाण्याला उतरतात. त्यात शेवळाच्या जुड्या असतात. शेवळं घेणाऱ्याला बाई विचारते, “काकडं हायत का घरात?” नसली तर स्वतःच मूठभर हिरवी आंबट काकडं त्यात टाकते. ती टाकते म्हणून ठाण्यातल्या घरात कुणाचा घसा धरत नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा दाणेदार पिवळट भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून काकडाच्या आंबट रसात शिजवायचं. कडूकंदाचं याहून कठीण. त्यात यकृताला घातक अशी द्रव्यं असतात. पाड्यावर तो पातळ कापून राखेच्या पाण्यात उकडतात, मग टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या धारेत ठेवतात, आणि सकाळी एक काप जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय पोरांच्या पुढ्यात वाढत नाहीत. याला मी कारखान्यातल्या कुठल्याही शोधनप्रक्रियेइतकीच शिस्तीची प्रक्रिया मानते. तपासणीसुद्धा तीत आहे.

आता गुळवेल. शहापूर तालुक्याचं नाव देशभर झालं ते तिच्यामुळे. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या वनधन योजनेतून ट्रायफेड या केंद्रीय संस्थेने हात दिला, आणि कोरोनाच्या काळात काढ्याची मागणी उसळली तेव्हा मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांवरच्या मागण्या आल्याचं सरकारने जाहीर केलं. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. ज्यांचा जन्म वीटभट्टीवर जातो, आगाऊ उचलीपायी जे पावसाळा संपताच घरदार घेऊन निघतात, त्यांच्या पोरांनी गावात राहून हा व्यापार उभा केला. याचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यावर पाणी टाकायला मी हे लिहीत नाही.

पण कोरोनाच्या पहिल्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे सहा रुग्ण आले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. २०२१ मध्ये तो अहवाल छापून आला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. अनेकांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये निष्कर्ष दिशाभूल करणारे असल्याचं म्हटलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात घातक ठरू शकते. डॉक्टर एका बाजूला, मंत्रालय दुसऱ्या. वर्तमानपत्रांत दोन्हीकडून मारा झाला.

मी दोन्ही बाजू वाचल्या. स्वतः वैद्य असूनही मला मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं झटकून टाकावंसं वाटलं नाही. ज्याला आधीच स्वप्रतिकाराचा आजार आहे, थायरॉइडची तशी तक्रार आहे, त्याने प्रतिकारशक्ती चाळवणारं औषध महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने प्यावं, हे आयुर्वेदाच्याही विरुद्धच आहे. गुळवेल माझ्याकडे येणाऱ्यांना मी आजही देते, पण प्रकृती पाहून, मोजून, मुदत ठरवून. आणि मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं, की दोष भलत्या वेलीचा होता, तर प्रश्न आणखी टोकदार होतो. ही भलती वेल कुठे शिरली? कुणाच्या कुंपणावरून, कुठल्या गोणीतून, कुठल्या व्यापाऱ्याच्या गोदामातून? याचं उत्तर कुणालाच देता येईना, कारण बाटलीपासून वेलीपर्यंत मागे जाता येईल असा कागदच कुठे नव्हता.

किन्हवलीकडच्या एका पाड्यावर मी एका कातकरी आजीला गुळवेल निवडताना पाहिलं आहे. अंगणात तुकड्यांचा ढीग, शेजारी ती उकिडवी बसलेली. एकेक तुकडा उचलायची, अंगठ्याच्या नखाने वरचा कागदासारखा पापुद्रा खरवडायची. खाली हिरवंगार दिसलं की तुकडा वळवून कापलेलं तोंड बघायची. गुळवेलीच्या आडव्या कापात मधून कडेकडे जाणारे आरे दिसतात, चाकाला असतात तसे. ते स्वच्छ दिसले तर तुकडा उजवीकडे, नाही तर डावीकडे. मध्येच एखाद्या तुकड्याला लागलेलं पान हातात घ्यायची, खालच्या बाजूने बोट फिरवायची आणि लव लागली की तुकडा बाजूला टाकून द्यायची. लवेची ती वेल गुळवेलीची बहीण, टिनोस्पोरा सायनेन्सिस, दिसायला अगदी जवळची. डावीकडचा ढीग बराच वाढला होता.

“आजी, हे सगळं का टाकताय?” मी विचारलं.

“ही शेराच्या वईवरली हाय, बाय. ती म्हातारी झाली, आत पोकळ. ही तर आपली न्हवंच.”

“टाकलेल्याचे पैसे?”

तिने मान हलवली. “काट्यावर जाल त्याचंच पैसं.”

शेराच्या चिकाच्या झाडावर चढलेली वेल वापरायची नाही आणि कडुनिंबावरची उत्तम, हे वैद्यही मानतात. आश्रयाच्या झाडाप्रमाणे वेलीतल्या द्रव्यांचं प्रमाण बदलतं का, यावर प्रयोगशाळांत कामही झालं आहे. आजीला ते माहीत असण्याचं कारण नाही. तिला तिची रीत माहीत आहे. पण त्या अंगणात एक हिशेब मला लख्ख दिसला. आजी जितकी काटेकोर, तितकी तिची मजुरी कमी. शेजारच्या पाड्यावर कुणी निवड न करता सगळं गोणीत भरलं तर त्याच्या हातात पैसे जास्त. आपण उभी केलेली खरेदीची पद्धत जाणत्या माणसाला दंड करते आणि अजाण माणसाला बक्षीस देते. असं वर्षानुवर्षं चाललं तर जाणती माणसं एक तर गप्प बसतील, नाही तर तीही सगळंच भरायला लागतील. यात त्यांचा दोष काय?

नुसत्या वजनावर चालणाऱ्या व्यापाराने काय होतं याचा दाखला सह्याद्रीतच आहे. घाटमाथ्यावर नरक्या नावाचं झाड आहे, घाणेरड्या वासाचं. त्याच्या लाकडात, मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं विष असतं. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. तिथेच १९२५ साली जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं प्रसिद्ध औषधही १९७१ साली याच दोघांनी जगापुढे आणलं. कॅम्प्टोथेसिनने गाठी विरघळत होत्या, पण त्याच्या सुरुवातीच्या रूपाने रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त यायला लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यानंतर त्याच्या रेणूत बदल करून विष आवाक्यात आणायला संशोधकांना दोन दशकं लागली. १९९६ साली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं मंजूर झाली, अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आजही दिली जातात. दरम्यान १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात हेच द्रव्य भरपूर असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी त्या वेळी गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते, म्हणजे मुंबईत, इथून काही तासांच्या अंतरावर.

हा शोध अभिमानाचा. पण झाडाच्या वाट्याला काय आलं? नरक्या तोडला गेला, मुळासकट उपटला गेला, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलातून चोरून ट्रकने नेला गेला. वनखात्याने पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. जगभर हजारो रुग्णांना आयुष्य देणारं झाड ज्या गावांच्या डोंगरावर वाढलं, त्या गावांना त्यातून तोडणीची मजुरी आणि कधीमधी वनगुन्ह्याची नोटीस मिळाली.

कळलावीचं तसं होऊ नये. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि तिथल्या कोरडवाहू पट्ट्यातले शेतकरी गेली काही दशकं मांडव घालून तिची शेती करतात, बी औषधकंपन्यांना विकतात. आमच्याकडे तीच वेल बांधावर तण म्हणून कापली जाते, आणि मागणीची कुणकुण लागली की कुणी तरी रानातले कंद खणायला येतं. कंद खणला की वेल संपली. बी घेतलं तर वेल पुढच्या पावसात पुन्हा उगवते. शहापूर-मुरबाडच्या उतारांवर, भाताला न चालणाऱ्या वरकस जमिनीत कळलावीची लागवड करून पाहायला हरकत नाही. कृषी विद्यापीठाने त्यात लक्ष घालावं. मात्र बियाही विषारी आहेत. काढणी, वाळवणी, साठवण यांसाठी हातमोजे, कुलूपबंद जागा आणि पोरांपासून अंतर, एवढं ठरवल्याशिवाय एक रोपसुद्धा वाटू नये. पैसा दाखवून विष कुणाच्या ओसरीवर नेऊन ठेवणं मला मान्य नाही.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा, जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या सांगितल्या, नफ्यातला वाटा सांगितला. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने देशातल्या कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असा निकाल दिला. मग २०२३ ची दुरुस्ती आली आणि ग्रंथात नोंदलेलं पारंपरिक ज्ञान या वाट्यातून वगळलं गेलं. मी ज्या ग्रंथांवर शिकले त्यांचा मला आदर आहे. तरीही हे वगळणं मला अन्यायाचं वाटतं. ग्रंथात गुळवेलीचे गुण आहेत. तिची लवेची बहीण कुठल्या ओहोळाच्या काठाला वाढते आणि तिला ओळखायला बोट कुठून फिरवायचं, हे ग्रंथात नाही. ते त्या आजीच्या बोटात आहे, आणि कायद्याने त्या बोटाची किंमत शून्य धरली आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. खरेदीची पद्धत बदलायला लागत नाही. प्रत्येक वनधन केंद्राने गावातली जाणती माणसं, त्यात बहुतेक बायाच असतील, ग्रामसभेकडून निवडून घ्यावीत आणि त्यांना निवडीच्या कामाचा दिवसाप्रमाणे पगार द्यावा, मालाच्या वजनाचा त्याच्याशी काही संबंध नसावा. टाकलेल्या मालाचं वजनही लिहून ठेवावं आणि गोळा करणाऱ्याला त्याच्या श्रमाची निदान काही भरपाई द्यावी, म्हणजे भेसळ लपवण्याचं कारण उरणार नाही. शहापुरात एखादी छोटी तपासणी खोली असावी. थर-वर्णलेखनाच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या) साध्या चाचणीत गुळवेल आणि तिच्यासारख्या वेलींचे पट्टे वेगळे दिसतात. तालुक्याच्या महाविद्यालयातली विज्ञानाची मुलं ती शिकू शकतात, आणि शिकताना पाड्यावरच्या बायांकडे जाऊन बसली तर दोघांचंही भलं होईल. यंत्राने आजीची जागा घ्यायची नाही. आजीने नाही म्हटलेला माल यंत्रापर्यंत जाताच कामा नये.

याचा खर्च माल घेणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. काविळीच्या बातम्यांनी त्यांच्या धंद्याला जो धक्का बसला त्याच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. आज गोणीबरोबर जाणाऱ्या पावतीवर नाव, वजन आणि दर असे तीन रकाने असतात. त्यात चौथा घाला: ओळख कुणी पटवली. तिथे पाड्याचं नाव, वेल कुठल्या झाडावरून काढली, कुठल्या महिन्यात, आणि निवडणाऱ्या बाईची सही किंवा अंगठा. हा कागद कारखान्यापर्यंत जाऊ दे, बाटलीच्या बॅच-क्रमांकाशी जोडला जाऊ दे. उद्या मुंबईत कुणाचे डोळे पिवळे झाले तर डॉक्टरला आणि मंत्रालयाला भांडत बसावं लागणार नाही, सरळ किन्हवलीच्या, डोळखांबच्या, टोकावड्याच्या त्या वेलीपर्यंत येता येईल. आणि तो चौथा रकाना कोरा असेल, तर ती गोणी आम्ही वैद्यांनी घेऊ नये, कंपनीने तर नाहीच नाही.